जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग? कॉलेज निवडताना पुढच्या नोकरीसाठी नक्की काय बघायचं?

निलंग्याचा_मामा

भाचीसाठी विचारतोय. बारावी विज्ञान झाली, पीसीबीला ५८ टक्के. राज्याची नर्सिंग सीईटी दिली आहे, पर्सेंटाइल साठच्या आसपास. ओबीसी, नॉन-क्रिमीलेयर आहे, जात पडताळणीही झाली आहे. घरी कोरडवाहू शेती, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत.

समोर चार वाटा आहेत. एक, तालुक्याच्या गावात खासगी संस्थेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, घरून येऊन-जाऊन करता येईल. दोन, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, पुणे किंवा संभाजीनगरकडं कुठंतरी खासगी बी.एस्सी. नर्सिंग. तीन, एका अभिमत विद्यापीठाचं बी.एस्सी., फी बरीच आहे पण इमारत आणि हॉस्टेल झकास. चार, एक एजंट कर्नाटकातल्या कॉलेजचं सांगतोय, 'सीईटीची गरज नाही, कागदपत्रं द्या, जागा पक्की'.

मुलीला सरकारी नोकरी हवी आहे. जर्मनीचंही डोक्यात आहे. नातेवाईक म्हणतात जीएनएम बंद होणार. कॉलेज चांगलं की वाईट हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं, तेही सांगा.

परिचर्या_शिक्षिका

मामा, आधी जीएनएम बंद होण्याचं. ही चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं, म्हणजे आयएनसीनं, मागे तसा ठराव केला होता आणि नंतर तो मागेही घेतला. आज अभ्यासक्रम चालू आहे आणि ज्यांनी केला त्यांची नोंदणी कुठं जात नाही. त्या भीतीनं निर्णय घेऊ नका. निर्णय घ्यायला दुसरी कारणं भरपूर आहेत.

जीएनएम तीन वर्षांचं, परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. बी.एस्सी. चार वर्षांचं, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दोन्ही झाल्यावर नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडेच होते आणि वॉर्डात पहिल्या दिवशी काम सारखंच असतं. फरक दिसायला लागतो तो नोकरीच्या जाहिरातीत.

राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला दोघीही चालतात. वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० पासून. परीक्षेत नर्सिंगच्या जोडीला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते. नर्सिंग पाठ असलेल्या मुली इथंच मार खातात, कारण चार वर्षं त्या विषयांना कुणी हात लावलेला नसतो.

केंद्राकडं चला. एम्सची नॉर्सेट परीक्षा २०२० पासून आहे आणि नागपूर एम्ससकट देशभरातल्या एम्सची भरती तिच्यातून होते. लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९००, शिवाय नर्सिंग भत्ता वेगळा. इथं बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी हातात आली की लगेच बसू शकते. जीएनएमवाल्या मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही पात्रता मिळवल्यानंतरचा. वयोमर्यादा सर्वसाधारण ३०, ओबीसीला तीन वर्षं सवलत. म्हणजे तीन वर्षांचं जीएनएम आणि दोन वर्षं अनुभव, झाली पाच. बी.एस्सी.ची चारच. एक वर्ष वाचवायला जीएनएम घ्यायचं आणि इथं एक वर्ष मागं पडायचं, असा तो प्रकार.

आणि तो अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो. गावातल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमचा अनुभव तिथं शून्य धरला जातो, मग रात्रंदिवस राबलेली असली तरी.

तिसरी जागा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, उपकेंद्रावरची सीएचओ. हे राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद आहे. महाराष्ट्रात २५ हजार मानधन आणि कामानुसार १५ हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता अशी रचना आहे. ज्यांच्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच सामुदायिक आरोग्याचा तो भाग आला आहे त्यांना वेगळा सहा महिन्यांचा कोर्स लागत नाही, जीएनएमवाल्यांना लागतो. पद कंत्राटी आहे, कायम नाही, हे विसरू नका. गावाजवळ राहून दुसऱ्या परीक्षांची तयारी करायला मात्र बरं पडतं.

पुढं शिकवायचं किंवा एम.एस्सी. करायचं असेल तर पदवी लागतेच. जीएनएमवालीला मध्ये दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं.

तेव्हा तुमच्या भाचीला पीसीबी आहे, सीईटी दिलेली आहे, तर पहिली पसंती बी.एस्सी. पण कुठलंही बी.एस्सी. नाही. त्याबद्दल इन्चार्ज सरांनी लिहावं.

वॉर्ड_इन्चार्ज

ताईंनी बोलावलंच आहे तर सांगतो. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, लॅबमधली प्लास्टिकची बाहुली, स्मार्ट बोर्ड, हे सगळं शेवटी बघा. आधी रुग्णालय बघा. नर्सिंग शिकतात ते खाटेजवळ. रुग्ण नसतील तर मुलगी सलाइन लावायला शिकणार कुणाच्या हातावर?

आयएनसीचे निकष ठरलेले आहेत. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं पालक रुग्णालय हवं. एका विद्यार्थ्यामागं तीन रुग्ण, दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक, आणि खाटांपैकी किमान ७५ टक्के भरलेल्या. कागदावर हे सगळ्यांकडं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी १०० खाटांचं रुग्णालय म्हणजे गाद्या टाकलेले चार हॉल आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी गाडीतून आणलेले 'पेशंट'.

ओळखायचं असं. मंगळवार-बुधवार सकाळी अकराच्या सुमारास, न सांगता, रुग्णालयात जा. कॉलेजमध्ये नाही. केसपेपर काढायच्या खिडकीवर किती रांग आहे ते बघा. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात एक चक्कर मारा. अर्ध्याहून जास्त खाटा रिकाम्या असतील तर तिथंच विषय संपला. वॉर्डात गणवेशातल्या विद्यार्थिनी आहेत का, आणि असतील तर त्या काय करतायत? नुसत्या टेबलाजवळ उभ्या असतील तर त्यांना कुणी शिकवत नाही. बरोबर क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे का? वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, 'महिन्याला बाळंतपणं किती होतात?' आकडा ऐकला की सगळं कळतं. महिन्याला पंधरा-वीस बाळंतपणं आणि साठ मुलींची बॅच असेल, तर प्रसूतीचं केसबुक भरणार कसं? एकमेकींची नक्कल करून. तीच मुलगी पुढं लेबर रूममध्ये उभी राहते तेव्हा हात थरथरतात.

आयसीयू वेगळा बघा. व्हेंटिलेटर नुसते कोपऱ्यात झाकून ठेवलेत की चालू आहेत? मोठी खासगी रुग्णालयं नवी मुलगी घेताना मुलाखतीत व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इन्फ्युजन पंप यावरच प्रश्न विचारतात, कारण जागा आयसीयूतच रिकाम्या असतात.

सगळं एका रुग्णालयात मिळत नाही, ते चालतं. मानसिक आरोग्याची पोस्टिंग बहुतेक कॉलेजं बाहेरच पाठवतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. कॉलेजला विचारा, 'सायकियाट्रीला मुली कुठं जातात, आणि चालू वर्षाचं संलग्नता पत्र दाखवा.' बालरुग्ण, प्रसूती, सामुदायिक आरोग्य, प्रत्येकाचं असंच. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली की समजायचं.

हजेरीचंही विचारा. थिअरी आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची १०० टक्के हजेरी पूर्ण करावी लागते असा नियम आहे. जो कॉलेजवाला सांगतो की 'मुलगी घरी राहू दे, परीक्षेला आली तरी चालेल', तो तुमची सोय करत नाहीये. ती मुलगी नोंदणी घेऊन बाहेर पडेल, पण पहिल्याच रात्रपाळीत उघडी पडेल.

जाता-जाता: मूळ कागदपत्रं. काही संस्था दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवतात आणि वर एक-दोन वर्षं आमच्याच रुग्णालयात काम करा असा बाँड लिहून घेतात. आयएनसीनं बाँड पद्धतीला आणि मूळ कागद अडकवण्याला विरोध केलेला आहे. प्रवेशाच्या दिवशी सही करायच्या आधी स्टॅम्पपेपरवर काय लिहिलंय ते वाचा. फी भरल्यावर वाचून उपयोग नाही.

हिशेबी_पालक

खर्चावर कुणी बोललं नाही म्हणून.

मामा, तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलींची शुल्कमाफी. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला नाही. अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना नाही. राज्याबाहेर तर प्रश्नच नाही.

आता तुमचे चार पर्याय परत बघा. दुसऱ्या पर्यायात चार वर्षांची ट्यूशन फी जवळपास सगळी सरकार भरणार. तिसऱ्यात आणि चौथ्यात पूर्ण फी तुमच्या खिशातून. पर्याय समान पातळीवर उरतच नाहीत.

माफ होत नाही ते: विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, गणवेश, पोस्टिंगला जायची बस, अनामत, प्रोसिजर बुकं. याची लेखी फोड मागा, चारही वर्षांची. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय असते. त्याच्यावर पावतीशिवाय काही मागितलं तर देऊ नका. हॉस्टेल खर्चासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचे निकष बघा.

कागद अडतात ते नेहमी तेच. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, चालू वर्षाचं आहे का पहा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं, नाहीतर महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. आत्ताच. पुढं परदेशाच्या पडताळणीत हाच एक स्पेलिंगचा फरक महिने खातो.

जिल्हा_रुग्णालय

मी जरा जीएनएमच्या बाजूनं बोलतो. वर सगळं बी.एस्सी. बी.एस्सी. चाललंय.

तालुक्यात घरून येऊन-जाऊन होत असेल, आणि ती संस्था जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोस्टिंग देत असेल, तर जीएनएमवाली मुलगी पुण्यातल्या रिकाम्या रुग्णालयाच्या बी.एस्सी.वालीपेक्षा हातानं जास्त तयार होते. अधिपरिचारिकेला दोघींची श्रेणी तीच. पाच वर्षांनी इन्चार्ज कोण हे पदवीवर नाही, सेवाज्येष्ठतेवर ठरतं. आणि ज्यांचं पीसीबी ४५ टक्क्यांच्या खाली गेलं आहे किंवा बारावी कला शाखेतून झाली आहे त्यांना बी.एस्सी.चं दारच बंद आहे. जीएनएमला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के लागतात. त्यांना हे वाचून उगाच कमीपणा वाटायला नको.

परिचर्या_शिक्षिका

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. राखीव प्रवर्गाला बी.एस्सी.ची अट ४० टक्के आहे, एवढंच जोडते. बाकी, चांगलं रुग्णालय असलेलं जीएनएम आणि रिकामं रुग्णालय असलेलं बी.एस्सी. यात मीही जीएनएमच निवडेन. पण मामांच्या तालुक्यातल्या त्या संस्थेचं रुग्णालय कुठलं, हे त्यांनी अजून लिहिलेलं नाही. ते आधी कळू द्या.

बी.एस्सी.त घसरायच्या जागाही माहीत असाव्यात. २०२१-२२ पासून अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा झाला आहे. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना आणि शरीरक्रिया इंग्रजीतून येतात आणि मराठी माध्यमातल्या मुली तिथं घाबरतात. उत्तीर्ण व्हायला साधारण ५० टक्के लागतात, बारावीसारखे ३५ नाहीत. राहिलेले विषय साचवले की पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी ते सोडवावेच लागतात. मुलीला कॉलेज सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत शरीररचनेतले शब्द आणि साधं इंग्रजी लिहिणं, एवढं करून घ्या. भरपूर झालं.

एजंटच्या कर्नाटकाबद्दल: तिकडं चांगली कॉलेजं आहेत, वाद नाही. पण सीईटी नको, कागद द्या, जागा पक्की असं सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कॉलेज बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का? कर्नाटक परिचर्या परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का? आयएनसीच्या संकेतस्थळावरच्या राज्यनिहाय यादीत आहे का? तिन्ही याद्या स्वतः उघडून बघा, एजंटनं पाठवलेला स्क्रीनशॉट नको. शिकून झाल्यावर नोंदणी आधी तिकडच्या परिषदेकडं, मग ना-हरकत, मग महाराष्ट्र परिषदेकडं परस्पर नोंदणी, अशी साखळी आहे. आपल्या राज्याच्या भरतीला महाराष्ट्र परिषदेची नोंदणी मागतात. ही साखळी अर्ज करायच्या शेवटच्या तारखेच्या आत पुरी झाली नाही तर ती भरती हातची गेली.

राइनकाठची_सिस्टर

जर्मनीचं विचारलंय म्हणून लिहिते. इथं बऱ्याच मराठी मुली येतायत.

महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये करार झाला आहे, त्यात परिचारिकाही आहेत. शिवाय खासगी मार्ग आहेतच. कुठल्याही मार्गानं आलात तरी गाडी अडते ती भाषेवर. व्हिसाला जर्मनची साधारण बी१ पातळी चालते, पण पूर्ण मान्यता मिळून नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायला बहुतेक राज्यांत त्यावरची बी२ लागते. शून्यापासून बी२ म्हणजे ४५ मिनिटांचे सहाशे ते आठशे तास. नोकरी करता-करता दीड-दोन वर्षं सहज जातात. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे. त्यांची बी१-बी२ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार भागांत असते आणि नापास झालेला भागच परत देता येतो. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात सुरू करा, शेवटच्या वर्षानंतर नको.

कागदांचं काम असं चालतं. पदवी, गुणपत्रिका, आणि विषयवार-वॉर्डवार तासांचा उतारा इथल्या कार्यालयाला जातो. ते तुमचा अभ्यासक्रम इथल्याशी ताडून कमी काय पडतं ते लेखी कळवतात. मग एकतर ज्ञानपरीक्षा द्यायची, नाहीतर रुग्णालयात काही महिन्यांचं जुळवणी प्रशिक्षण घ्यायचं. तोवर पगार सहायकाचा असतो. ते तासांचे उतारे कॉलेज नीट देतं का, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच एखाद्या माजी विद्यार्थिनीला विचारा. काही कॉलेजं एका सहीसाठी सहा महिने फिरवतात.

बारावीनंतर थेट इथं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग (काम करत शिकायचं व्यावसायिक प्रशिक्षण) करायचं, पहिल्या वर्षापासून विद्यावेतन, अशीही जाहिरात दिसते. वाट खरी आहे. अडचण अशी की कधी परत यावं लागलं तर ती पात्रता भारतात आपोआप नोंदवली जात नाही, आधी समकक्षता तपासली जाते. आणि अठराव्या वर्षी परक्या भाषेत वृद्धाश्रमाच्या पहाटपाळ्या ज्यांना झेपत नाहीत त्या अर्ध्यातून सोडतात. माझं मत, आधी भारतातली पदवी आणि नोंदणी.

बाकी देश थोडक्यात. ब्रिटनला आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-श्रवण-संभाषणाला ७ आणि लेखनाला ६.५, किंवा ओईटी ही आरोग्यक्षेत्राची इंग्रजी परीक्षा. मग संगणकावरची परीक्षा भारतात आणि प्रात्यक्षिक परीक्षा तिकडं. पण २०२४ पासून तिथली परदेशी भरती बरीच आटली आहे, फक्त ब्रिटनच्या भरवशावर बेत आखू नका. अमेरिकेला एनक्लेक्स ही तिथली परवाना परीक्षा पास होता येतं, पण भारतीयांची ईबी-३ व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची आहे. आखातात डेटाफ्लो पडताळणी आणि प्रोमेट्रिकसारखी परीक्षा, आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. ऑस्ट्रेलियाला पदवी हवी, नुसत्या जीएनएमवर जमत नाही.

एजंटबद्दल एकच नियम लक्षात ठेवा: परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक असलेलाच एजंट, आणि त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. इस्रायल वगैरे देशांच्या 'केअरगिव्हर'च्या जाहिराती येतात, त्या घरी राहून वृद्धांची काळजी घेण्याच्या आहेत. तो अनुभव परिचारिकेचा अनुभव म्हणून बहुतेक ठिकाणी धरत नाहीत.

सोलापूर_ब्रदर

मामांचा धागा आहे, तरी विचारतो. मुलग्यांनी यावं का? चुलतभाऊ मागं लागलाय.

वॉर्ड_इन्चार्ज

यावं, पण आकडे बघून. नॉर्सेटमध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, त्यामुळं मुलग्यांचा कटऑफ वर जातो. लष्कराच्या नर्सिंग सेवेतलं बी.एस्सी., म्हणजे पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं अश्विनी वगैरे, ते फक्त मुलींना, तेही 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन. पुढच्या वर्षी बारावी असलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवा, शिक्षण लष्कराच्या खर्चानं आणि शेवटी लेफ्टनंट म्हणून कमिशन. मामांच्या भाचीनं 'नीट' दिलेली नसेल तर यंदा ते नाही.

मुलग्यांना खासगीत आयसीयू, कॅथलॅब, डायलिसिस, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर या विभागांत मागणी चांगली आहे. रेल्वे आणि ईएसआयसीच्या जाहिरातीही बघत राहा. ईएसआयसीच्या नर्सिंग ऑफिसरची २०२४ ची भरती यूपीएससीमार्फत झाली होती, १९३० पदं. अशी मोठी भरती दरवर्षी येत नाही. आली की नोंदणी हातात असली पाहिजे.

जिल्हा_रुग्णालय

खासगी पगाराचंही खरं सांगा कुणीतरी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नवी मुलगी साधारण २० ते २५ हजारांवर लागते, त्यातून खोलीभाडं जातं. छोट्या गावात दहा-पंधरा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि ५० खाटांच्या खालच्यानंही २० हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस चांगली होती. अंमलबजावणी तुम्ही कुठल्याही स्टाफला विचारा.

म्हणून पहिली नोकरी पगार बघून धरू नका. ५० खाटांच्या वरचं, एनएबीएच हे रुग्णालयांचं गुणवत्ता मानांकन असलेलं, आयसीयू चालू असलेलं रुग्णालय धरा. अनुभवपत्रावर खाटांची संख्या, विभाग, रुजू आणि कार्यमुक्तीची तारीख लिहून घ्या. पगार बँकेतून घ्या, रोखीनं नको. पुढं अनुभव सिद्ध करायला बँकेचं स्टेटमेंटच लागतं.

निलंग्याचा_मामा

सगळ्यांचे आभार. तालुक्याच्या जीएनएम संस्थेत काल जाऊन आलो. रुग्णालय म्हणून दाखवलं ते तीस खाटांचं, चार रुग्ण होते. जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग देतो म्हणाले, पत्र मागितलं तर 'येईल' म्हणाले. एजंटला तीन याद्या विचारल्या, त्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हा कॅपच. अभिमतचं हॉस्टेल मुलीला फार आवडलंय, तेवढं समजवायचं आहे. कॅपच्या पसंतीक्रमात काय चुकतं ते सांगाल का?

हिशेबी_पालक

पसंतीक्रम भरताना 'मला मिळेल ते' वर टाकू नका, 'मला हवं ते' वर टाका. जागा गुणवत्तेनं मिळते. वरचं मिळालं नाही तर खालचं बघितलं जातं, वर लिहिल्यानं खालचं बिघडत नाही. साठ पर्सेंटाइल असलं तरी सरकारी कॉलेजं सगळ्यात वर लिहा, एक रुपया जात नाही. मग वर इन्चार्ज सरांनी सांगितलं तसं रुग्णालय बघून आलेली खासगी. न बघितलेलं कॉलेज यादीत टाकूच नका, कारण मिळालं तर जावं लागेल.

एखाद्या फेरीत कॉलेज मिळालं आणि रुजू होताना 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म भरून दिला, की पुढच्या फेरीतला चांगल्या कॉलेजचा दावा संपतो. कॉलेजचा क्लार्क इतर कागदांत तो पुढं सरकवतो आणि पालक सही करून मोकळे होतात. शेवटचं हवं तेच मिळालं असेल तरच भरा. आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. माहितीपुस्तिका दरवर्षी बदलते, यंदाची सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून तो भाग मुलीकडून वाचून घ्या.

वॉर्ड_इन्चार्ज

मुलीला हॉस्टेलचं समजवण्यापेक्षा तिला बरोबर घेऊन दोन रुग्णालयं फिरवा. एक अभिमतचं, एक कॅपमधल्या कॉलेजचं. कोण जाणे, अभिमतचं रुग्णालय खरंच भरलेलं निघेल. मग प्रश्न फक्त पैशाचा उरतो, आणि तो हिशेब हिशेबी साहेबांनी वर मांडलेलाच आहे. जाताना एक करा, शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी कॉलेजच्या गेटबाहेर बोलू द्या तिला एकटीला. तुम्ही चहा घ्या तोवर.